जुन्या जड सायकलीला नवे सुटे भाग : खर्च कोठे करावा, हात कोठे आखडावा

अनेक घरांच्या जिन्याखाली, परसात किंवा गोदामाच्या कोपऱ्यात एक काळी, उंच, जड सायकल उभी असते. वडिलांनी किंवा आजोबांनी नोकरीला लागताना ती घेतलेली असते. धान्याच्या गोण्या, दुधाच्या किटल्या, कापडाचे तागे आणि घरातील दोन-दोन मुले तिने वाहिलेली असतात. पुढे मोटारसायकल आली आणि ही सायकल कोपऱ्यात गेली. आता पेट्रोलचा खर्च आणि रिक्षाचे भाडे यांचा महिन्याचा हिशेब मांडला की पाच-सात किलोमीटरवरील कामासाठी पुन्हा सायकल वापरावी, असा विचार मनात येतो. मग प्रश्न पडतो की ही जुनी सायकल भंगारात द्यावी, आहे तशी चालवावी, की तिला नव्या पद्धतीचे सुटे भाग बसवून घ्यावेत?

तिसरा मार्ग चांगला आहे, परंतु त्यात पैसे वाया जाण्याची शक्यता फार असते. बहुतेक गिऱ्हाईक दुकानात जाऊन प्रथम गिअर मागते, कारण त्याला सायकल जड वाटते. दुकानदारही नाही म्हणत नाही. सायकल थोडी वेगाने पळू लागते, पण ब्रेक जुनेच राहतात. पहिल्या पावसात चौकात ब्रेक दाबल्यावर सायकल थांबत नाही, तेव्हा आपण उलट्या टोकाकडून सुरुवात केल्याचे लक्षात येते. म्हणून कोणता भाग आधी बदलावा, कोणता बदलूच नये आणि कोणत्या भागामागे दुसरे चार भाग ओढले जातात, याचा विचार येथे क्रमाने केला आहे. स्वतः सायकल वापरणाऱ्याला आणि दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्याला, दोघांनाही तो उपयोगी पडावा.

ही सायकल मुळात कशी आहे?

आपल्याकडील काळी सायकल ही इंग्लंडमधील रोडस्टर जातीच्या सायकलीची वंशज आहे. स्वातंत्र्यानंतर तिचे उत्पादन भारतात मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. १९४९ मध्ये मद्रासला टी.आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियानाला हिरो असे कारखाने उभे राहिले. आसनसोलच्या सेन-रॅलेची सायकलही अनेकांना आठवत असेल. यांतील काही कारखाने आता इतिहासजमा झाले आहेत. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरीही मालकाने काळजी करण्याचे कारण नाही. या सायकलींचे बहुतेक सुटे भाग एकाच मापाचे असतात, लुधियानाच्या लहान-मोठ्या कारखान्यांत ते अजूनही तयार होतात आणि तालुक्याच्या गावीही मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही खरेदी करताना ध्यानात असू द्यावे.

ही सायकल साधारण २० ते २२ किलो भरते. तिची चौकट पोलादी नळ्यांची असते. चाक २८ इंची, रिम पोलादी, ब्रेक दांड्यांचे, क्रँक कॉटर पिनेने बसविलेली आणि गिअर एकच. खड्ड्यांचे रस्ते, जड ओझे आणि साधी हत्यारे यांचा विचार करून ती घडविली आहे. तेव्हा तिच्या वजनाला दोष देण्यापूर्वी एक साधा हिशेब पाहावा. चालविणारा ६५ किलोचा आणि सायकल २२ किलोची धरली तर एकूण वजन ८७ किलो होते. भारी पैसे मोजून सायकलीचे ३ किलो कमी केले, तरी एकूण वजनात साडेतीन टक्क्यांपेक्षाही कमी फरक पडतो. सपाट रस्त्यावर तो कळणारही नाही. त्याउलट छर्रे कोरडे असणे, चेन गंजलेली असणे, टायरमध्ये हवा कमी असणे किंवा ब्रेकचे रबर रिमला घासत असणे, यांनी सायकल कितीतरी जड होते. सायकल जड चालते, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा वजनात नसून देखभालीत असते.

पहिली पायरी : तपासणी आणि ओव्हरऑइलिंग

नवा भाग विकत घेण्यापूर्वी सायकल पूर्ण उघडून पाहावी. चौकटीच्या सांध्यांवर, विशेषतः हँडलच्या नळीजवळ आणि खाली बॉटम ब्रॅकेटजवळ तडा आहे का, पुढचा चिमटा म्हणजे फोर्क मागे वाकला आहे का, मागच्या पात्या सरळ आहेत का, हे पाहावे. रंगाखाली बारीक रेघ दिसली तर तेथील रंग खरवडून खात्री करावी. चौकटीला तडा असेल तर तिच्यावर पुढचा एक रुपयाही खर्च करू नये. वरचा गंज हे घाबरण्याचे कारण नाही, पण नळीला बोटाने दाबून किंवा हलके ठोकून ती आतून खाल्ली गेली नाही ना, याची परीक्षा करावी.

त्यानंतर ओव्हरऑइलिंग. पुढच्या हबमध्ये सामान्यतः ३/१६ इंची १० छर्रे प्रत्येक बाजूला असतात, मागच्या हबमध्ये पाव इंची ९, आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये पाव इंची ११. जुने छर्रे धुऊन पुन्हा घालण्याचा मोह टाळावा. छर्रे स्वस्त असतात, पण एखादा फुटका छर्रा वाटी आणि कोन दोन्ही खाऊन टाकतो. कोनावर खड्डे पडलेले दिसले तर कोनही बदलावा. हबमध्ये तेलाऐवजी चांगले ग्रीस भरावे. काम संपल्यावर चाक उचलून हलके फिरवावे. ते बराच वेळ फिरून व्हॉल्व्हच्या वजनाने व्हॉल्व्ह खाली येऊन थांबले तर काम बरोबर झाले, असे समजावे.

चेनचे मापही घ्यावे. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून मोजल्यास २४ कड्यांनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर आली पाहिजे. ती १२ इंच आणि एक सूत, म्हणजे १/८ इंच पुढे गेली असेल तर चेन संपली. अशी चेन फ्रीव्हीलचे दातही झिजविते, म्हणून चेन आणि फ्रीव्हील सहसा बरोबर बदलावे.

कॉटर पिनेविषयी एक सूचना. पायडल मारताना प्रत्येक फेरीत 'टक्' असा आवाज येत असेल तर पिन सैल आहे. पिन ठोकून बसविताना क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा आधार जमिनीपर्यंत द्यावा. आधार नसला तर हातोडीचा सगळा मार छर्रे आणि वाटीवर जातो. दोन्ही पिना सारख्याच उताराने कानसाव्यात आणि एकमेकींच्या उलट दिशेने बसवाव्यात, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत.

एवढी एक पायरी नीट केली तरी अर्ध्या लोकांना पुढे काही करावेसे वाटणार नाही.

दुसरी पायरी : थांबण्याची व्यवस्था

दांड्यांच्या ब्रेकमध्ये रबर रिमला आतल्या बाजूने, म्हणजे हबकडील बाजूने, खालून वर ओढले जाऊन लागते. कोरड्या हवेत तो बऱ्यापैकी काम करतो. परंतु रिम पोलादी आणि वर चकचकीत मुलामा दिलेली असते. ती ओली झाली की रबर तिच्यावरून सरकते. इंग्लंडात यावर उपाय म्हणून चामड्याचा थर दिलेले ब्रेकचे ठोकळे पूर्वी मिळत. ॲल्युमिनियमच्या रिमवर तेच रबर पावसातही पुष्कळ चांगले धरते.

आता वेगाचा हिशेब पाहा. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. समोर माणूस आल्याचे दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर ५ मीटर तेथेच गेले. ब्रेक चांगला असून वेग दर सेकंदाला ३ मीटरने उतरत असेल तर सायकल पुढे सुमारे ४ मीटरांत थांबेल, म्हणजे एकूण ९ मीटर. ब्रेक ओला, कमकुवत असून वेग दर सेकंदाला एकच मीटरने उतरत असेल तर ब्रेक लागल्यावरही साडेबारा मीटर लागतील, एकूण साडेसतरा मीटर. याच कमकुवत ब्रेकवर वेग ताशी साडेएकवीस किलोमीटरपर्यंत वाढविला, तर एकूण अंतर २४ मीटरांवर जाते. म्हणजे थांबण्याची सोय न करता पळण्याची सोय केली, तर आपण पैसे देऊन धोका विकत घेतला असे होते. मागे कॅरेजवर मूल बसलेले असेल तर हा हिशेब अधिकच गंभीर होतो.

ब्रेक सुधारण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सर्वांत स्वस्त आहे. दांड्यांचेच ब्रेक ठेवावेत, पण ते मन लावून नीट करावेत. आधी रिमचा आउट काढावा, कारण वाकड्या रिमवर कोणताही ब्रेक बसत नाही. चारही रबरे नवी घालावीत. दोन्ही बाजूंचे रबर एकाच वेळी आणि पूर्ण पृष्ठाने रिमला टेकले पाहिजे. सुटलेल्या स्थितीत रबर आणि रिम यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर असावे. दांड्यांच्या सर्व सांध्यांत थेंबभर तेल द्यावे, पण रिमला तेलाचा हात लागू देऊ नये. लागलाच तर रिम आणि रबर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. पावसात चौकाच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्यावी आणि मग पूर्ण दाबावा. ज्याचा रस्ता सपाट आहे आणि जो सावकाश जातो, त्याला एवढे पुरते.

दुसरा मार्ग म्हणजे पुढच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब बसविणे. ब्रेक हबच्या आत असल्याने त्याला पाऊस फारसा लागत नाही आणि पोलादी रिमही चालते. मात्र असा हब दुकानात तयार मिळेलच असे नाही, तो मागवावा लागतो. त्याची भोके मोजल्याशिवाय मागवू नये. आपल्या जुन्या सायकलींच्या पुढच्या रिमला बहुधा ३२ आणि मागच्या रिमला ४० भोके असतात. आजचे पुष्कळसे हब ३६ भोकांचे असतात. ३६ भोकांचा हब ३२ भोकांच्या रिममध्ये गुंफता येत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे वायरचे कॅलिपर ब्रेक. हा लोकप्रिय आहे आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. जुन्या रिमची बाजू गोलसर असते. कॅलिपरचे रबर दोन्ही बाजूंनी दाबायला त्यावर सपाट कडा नसते. म्हणून कॅलिपर घ्यायचा तर रिम बदलावी लागते. रिम बदलली की भोकांच्या संख्येमुळे हब आणि तारा बदलतात. दांड्यांच्या ब्रेकच्या मुठी हँडलवरच पक्क्या बसविलेल्या असतात, म्हणून हँडल आणि त्याची दांडी बदलते. म्हणजे गिऱ्हाईक 'फक्त ब्रेक बदला' म्हणून आलेले असते आणि प्रत्यक्षात दोन चाके व हँडल बदलण्याचे काम निघते. हे काम वाईट नाही, उलट फार उपयोगाचे आहे. परंतु ते आधी माहीत असले पाहिजे.

तिसरी पायरी : गिअर न बसविता पायडल हलके करणे

जुन्या सायकलीच्या चेनव्हीलला पुष्कळदा ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतात. आपल्या सायकलीचे दात मोजून घ्यावेत, कारण ४६ किंवा ४८ दातांची चेनव्हीलेही आढळतात. चाकाचा घेर सुमारे २.२३ मीटर धरला तर पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते, ते असे काढता येते.

४४ दात पुढे आणि १८ मागे : सुमारे ५.४५ मीटर.
४४ दात पुढे आणि २० मागे : सुमारे ४.९० मीटर.
४४ दात पुढे आणि २२ मागे : सुमारे ४.४५ मीटर.

मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर १८ दातांवर ताशी साडेएकोणीस, २० दातांवर साडेसतरा आणि २२ दातांवर १६ किलोमीटर वेग मिळतो. शहरातील गर्दीत यापेक्षा जास्त वेगाची गरज फारशी पडत नाही. उड्डाणपुलाच्या चढावर वेग ताशी ९ किलोमीटरवर आला, तर १८ दातांवर मिनिटाला सुमारे २७ फेऱ्या पडतात. अशा वेळी माणूस सीटवरून उठून सगळे वजन पायडलवर टाकतो आणि गुडघ्यांवर ताण येतो. २२ दातांवर त्याच वेगाला ३३-३४ फेऱ्या पडतात आणि पायडलवर लावायचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतो. २० दात घेतले तर तो १० टक्क्यांनी कमी होतो.

म्हणजे गिअरचा निम्मा फायदा एका फ्रीव्हीलच्या किमतीत मिळतो. चेन, चेनव्हील, क्रँक, हब, चेनकव्हर सारे जागच्या जागी राहते. ४ दात वाढल्यामुळे चाक किंचित पुढे घ्यावे लागते किंवा चेनला एक-दोन कड्या जोडाव्या लागतात. मोठे फ्रीव्हील बंद चेनकव्हरच्या आत घासत नाही ना, एवढे पाहावे. सपाट गावात २० आणि चढ-उताराच्या गावात २२ दात, असा साधा नियम धरावा.

चौथी पायरी : टायर, व्हॉल्व्ह आणि दिवा

टायर घेताना '२८ इंची' एवढेच सांगून भागत नाही. टायरच्या बाजूवर दोन आकडे छापलेले असतात. जुन्या २८ × १½ टायरवर बहुधा ४०-६३५ असे असते. त्यातील ६३५ हा टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यास मिलिमीटरमध्ये असतो. आजच्या ७००-सी रिमचा तोच व्यास ६२२ असतो. दुकानदार दोन्हींना २८ इंचीच म्हणतो, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. खरेदीच्या वेळी हा तीन आकडी अंक सांगितला की चूक होत नाही.

हवा बाजूवर छापलेल्या मर्यादेत आणि नियमित भरावी. जुन्या नळीच्या व्हॉल्व्हमधील रबर सुकते आणि हवा झिरपते. मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घेतली तर हवेचा दाब मोजता येतो आणि पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. मात्र तेथील मोठा दाब क्षणात ट्यूब फोडू शकतो, म्हणून थोडी थोडी भरावी.

रात्रपाळीला जाणाऱ्यांनी दिव्यात कसर करू नये. जुना बाटलीचा डायनॅमो टायरला घासून चालतो, त्यामुळे पायावर भार येतो आणि सायकल थांबली की दिवाही विझतो. चार्ज होणारा एलईडी दिवा पुढे आणि लाल दिवा मागे लावावा. मागचे लाल रिफ्लेक्टर काढू नये, कारण चार्जिंग संपले तरी ते काम करीत राहते.

पाचवी पायरी : नवी चाके

पहिल्या चार पायऱ्यांनी समाधान झाले नाही, रोजचे अंतर मोठे असेल आणि पावसात नित्य जावे लागत असेल, तर मोठा खर्च चाकांवर करावा. ॲल्युमिनियमच्या ६२२ रिम, ३६ भोकांचे हब, नव्या तारा, कॅलिपर ब्रेक, वेगळे हँडल आणि वायरच्या मुठी असा हा संच होतो. प्रत्येक रिममागे साधारण अर्धा किलो वजन कमी होते, परंतु मुख्य लाभ ब्रेकचा आहे.

येथे तीन मापे घेतल्याशिवाय खरेदी करू नये. एक, कॅलिपरच्या भोकापासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर. रिम ६३५ वरून ६२२ केली की कडा साडेसहा मिलिमीटर खाली जाते. ब्रेकचा हात तितका लांब असला पाहिजे, नाहीतर रबर टायरला लागून टायर फाडते. दोन, पुढच्या चिमट्यातील आणि मागच्या पात्यांतील अंतर. जुन्या सायकलींत ते आजच्या हबपेक्षा कमी असते. तीन, ॲक्सलची जाडी. जुन्या चिमट्याची खाच अनेकदा ८ मिलिमीटरची असते आणि नवा ॲक्सल ९ मिलिमीटरचा. अशा वेळी खाच कानसाने वरच्या बाजूला नेऊ नये, दोन्ही कडांना सारखी आणि अगदी जरुरीपुरती कानसावी.

सहावी पायरी : गिअर, तोही विचारपूर्वक

मागे सहा-सात चकत्यांचे फ्रीव्हील बसवायचे तर काय काय बदलते, ते मोजू. मागच्या पात्यांतील अंतर १२६ मिलिमीटर किंवा अधिक लागते, म्हणून पात्या फाकवाव्या लागतात. पोलादी चौकटीत हे थंड स्थितीत, सावकाश, दोन्ही बाजूंनी सारखे करता येते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत ते कधीही करू नये. नव्या फ्रीव्हीलला अरुंद चेन लागते. अरुंद चेन जुन्या जाड चेनव्हीलवर बसत नाही. चेनव्हील क्रँकला जोडलेले असल्याने क्रँक बदलते. नवी क्रँक कॉटर पिनेची नसल्याने बॉटम ब्रॅकेटचा ॲक्सल बदलतो. त्याचे आटे सर्व सायकलींत सारखे नसतात, म्हणून जुनी वाटी बरोबर नेऊनच नवी घ्यावी. उजव्या बाजूच्या वाटीचे आटे बहुधा उलटे असतात, हे न कळल्याने अनेकदा वाटीच चेपली जाते. शेवटी बंद चेनकव्हर काढावे लागते आणि पायजमा, पँट किंवा साडी रोज तेलात माखते.

गिअरच हवा असेल तर हबच्या आत बसणारा तीन गिअरचा प्रकार या सायकलीला जास्त शोभतो. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ पासून काढलेल्या प्रसिद्ध हबमध्ये मधला गिअर थेट, खालचा त्याच्या पाऊण पट आणि वरचा सव्वा पटीहून थोडा अधिक, म्हणजे १.३३ पट होता. आजही या पद्धतीचे हब तयार होतात. त्यात जुनी चेन, चेनव्हील, क्रँक आणि चेनकव्हर राहू शकते. हब महाग असतो आणि खोलून दुरुस्त करणारा कारागीर जवळ असावा लागतो, एवढेच.

काय बदलू नये?

मडगार्ड, चेनकव्हर, कॅरेज आणि स्टँड काढून सायकल हलकी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. कामावर कपडे स्वच्छ ठेवून पोचायचे आणि येताना भाजी-किराणा आणायचा, तर याच वस्तू उपयोगी पडतात. चामड्याची सीट चांगली असेल तर तीही ठेवावी. सायकल खूप जुनी, विलायती बनावटीची किंवा घराच्या आठवणीची असेल तर चौकटीवर वेल्डिंग, कापाकापी आणि नवा रंग करू नये. काढलेले भाग तेल लावून एका गोणीत बांधून ठेवावेत. पुढे कोणाला ती मूळ रूपात हवी असली तर परत करता आली पाहिजे.

खर्चाची मर्यादा

खर्च परत मिळण्याचा हिशेब सोपा आहे. समजा, रोज जाऊन-येऊन ३० रुपये भाडे वाचते आणि महिन्यात २५ दिवस काम असते. महिन्याला ७५० रुपये वाचतात. सायकलीवर ३,००० रुपये लागले तर ते चार महिन्यांत निघून येतात. ९,००० लागले तर एक वर्ष लागते. प्रत्येकाने येथे आपले आकडे घालून पाहावेत. दुसरी मर्यादा तुलनेची आहे. सर्व कामाचा अंदाज नव्या साध्या गिअरच्या सायकलीच्या किमतीच्या दोन-तृतीयांशाहून वर जाऊ लागला तर थांबावे. जुनी सायकल पहिल्या चार पायऱ्यांपर्यंत नीट करावी आणि गरजच असेल तर नवी वेगळी घ्यावी. एक भक्कम कुलूप मात्र दोन्ही हिशेबांत धरावे.

कारागिरांसाठी दोन शब्द

सायकलदुरुस्तीच्या दुकानांचा धंदा पंक्चरवर फार काळ तगत नाही, हे त्या व्यवसायातील लोक जाणतात. वर सांगितलेले काम मात्र कौशल्याचे आहे आणि त्याला मजुरी चांगली मिळू शकते. त्यासाठी काही पथ्ये पाळावीत. सायकल हातात घेतल्यावर गिऱ्हाइकासमोर दात, भोके, पात्यांतील अंतर आणि टायरचा अंक कागदावर लिहावा. अंदाज भागांचा आणि मजुरीचा वेगवेगळा द्यावा. ज्या कामामागे दुसरे भाग ओढले जातात, ते सुरू करण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे. काढलेले भाग गिऱ्हाइकाला परत करावेत. नव्या तारा काही दिवसांत बसून थोड्या सैल होतात, म्हणून आठवड्यानंतर सायकल पुन्हा बोलावून आउट तपासावा आणि त्याचे पैसे घेऊ नयेत. गिअर मागायला आलेल्या माणसाला बावीस दातांचे फ्रीव्हील आणि चार नवी रबरे बसवून कमी पैशांत परत पाठविले, तर त्या दिवशी गल्ल्यात कमी पडेल. पण पावसात चौकात सायकल जागेवर थांबली की तो माणूस त्या दुकानाचे नाव आणखी चौघांना सांगेल, आणि पुढच्या वेळी स्वतःची मुलाची सायकलही तेथेच घेऊन येईल.

थोडक्यात क्रम असा : आधी तपासणी व ओव्हरऑइलिंग, मग ब्रेक, मग फ्रीव्हील, मग टायर आणि दिवा. येथे थांबून एक पावसाळा सायकल चालवून पाहावी. त्यानंतरही गरज वाटली तरच चाके आणि सर्वांत शेवटी गिअर.